चलाबाईंच्या घरभेटी

चलाबाई चहा उभ्याने पीत. जेवणही निम्मं उभ्यानेच. वसतिगृहाच्या ऑफिसात त्यांच्यासाठी हाताची एक चांगली खुर्ची होती, पण तिच्यावर कायम पोरींच्या गोधड्या, हजेरीचं रजिस्टर, नाहीतर एखादी ओली छत्री बसलेली असे. कोणी पाहुणा आला की बाई ते सगळं उचलून त्याला खुर्ची देत आणि स्वतः खिडकीशी उभ्या राहून एक डोळा बाहेर ठेवत. रविवारी देवळात (चर्चला आमच्याकडे सगळे देऊळच म्हणत) त्या शेवटच्या बाकाच्या टोकावर टेकत. प्रवचन मध्यावर आलं की खिडकी लावायला उठत, आणि थोड्या वेळाने ती उघडायला उठत. एकदा पाळकसाहेब बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "होऊ द्या बाई तुमचं, मी थांबतो."

"तुमी चालू द्या साहेब," बाई खिडकीतूनच म्हणाल्या, "माहे कान तिथीच आहेत."

रजिस्टरवर त्यांचं चांगलं लांबलचक नाव होतं. पण त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच शब्दाने सुरू होई. "चला, पाणी आलं." "चला, कंदील पुसा." "चला, कोण रडून राह्यली तिकडं?" आमच्या आधीच्या कोणत्या तरी मुलींनी त्यांना चलाबाई केलं आणि ते नाव पुढच्यांना देऊन त्या गेल्या. बाईंना ते माहीत होतं. एकदा एका नव्या मुलीने चुकून तोंडावरच "चलाबाई" म्हटलं आणि जीभ चावली. बाई म्हणाल्या, "काऊन थांबली? नाव ठेवलं तं नीट मार हाक."

मी त्यांच्याकडे आठवीत गेले. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, धानाच्या बांध्यांत, बांध घातलेल्या शेतांत. गावची शाळा सातवीला संपायची. वसतिगृह वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला, एका लहान गावातल्या देवळाच्या आवारात होतं. कौलारू, दोन लांब खोल्यांचं. तिथे आम्ही बावीस मुली राहत होतो. चार-पाच ख्रिस्ती घरांतल्या, बाकी आम्ही बौद्ध, गोंड आणि कुणब्यांच्या. आमच्या घरातून वसतिगृहात गेलेली मी पहिली. बाबांनी मला सोडलं तेव्हा ते बाईंना काय बोलावं या विचारात बराच वेळ टोपी फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, पोरगी भात जास्त खाते." बाई म्हणाल्या, "भाऊ, भातच आहे आमच्याकडं. खाऊ द्या."

वर्षभर अस्वस्थ असणाऱ्या बाई डिसेंबर लागला की हाताबाहेर जात. तसे ते दिवसच चैन पडू न देणारे असत. सहामाही नुकती आटपलेली, शेतात धानाची पुंजणी रचलेली, सकाळी पांघरूण सोडवत नाही आणि दुपारी ऊन सोडवत नाही. रस्त्यावरून नाटकाची जाहिरात करत ऑटो फिरे, भोंग्यातून नायिका आणि खलनायक दोघांचेही संवाद एकच माणूस म्हणे, आणि आम्ही पुस्तकं मिटून कुंपणाशी धावत असू. "बाई, एक नाटक पाहू द्या ना." "माहंच पाहा," बाई म्हणत, "फुकट आहे, रोज आहे." त्यात कुठल्या तरी गावाजवळ वाघ दिसल्याची बातमी आठवड्याला एकदा तरी येई. मग बाईंचं फर्मान निघे, कुठेही जायचं तर उजेडात, ओळीने, आणि चार वाजता परत.

पण जायचं मात्र नक्की. डिसेंबरात बाई आम्हाला एक रविवार घरात बसू देत नसत. पहिली सहल बुरडांच्या मोहल्ल्यात. नाताळच्या ताऱ्यासाठी बांबूच्या कामट्या आणायच्या. बाई पुढे, आम्ही मागे धावत. बाई चालत असं मी कधी म्हणणार नाही. त्या रस्ता मागे टाकत. मोहल्ल्यात गेल्यावर बुरडकाकू सूप विणत बसलेल्या असत. त्या म्हणत, "बसा ना बाई दोन मिनिटं, कामट्या सोलून देतो." बाई सोलायला स्वतःच सुरी घेत. दरवर्षी बोटात बांबूचं कुसळ जाई, दरवर्षी काकू ते काढून देत आणि दरवर्षी म्हणत, "बसल्या असत्या तं लागलं नसतं."

केकची गोष्ट तर गावभर माहीत होती. वसतिगृहात भट्टी कुठली? आम्ही मैदा, अंडी, साखर घोटून पीठ तयार करायचं, ते तेलाच्या कापलेल्या डब्यांत भरायचं आणि डोक्यावर घेऊन बसस्टँडजवळच्या बेकरीत न्यायचं. बेकरीवाले चाचा पाव काढून झाले की दुपारी आमचे डबे भट्टीत सारत. तिथून पुढे अर्धा तास थांबणं एवढंच काम होतं आणि तेवढंच बाईंना जमत नसे. "झालं असन का हो?" म्हणून त्या भट्टीचं दार उघडत. चाचा हात जोडत, "बाई, मेहरबानी करा, थंडी हवा आत जाते." पाच मिनिटांनी चाचा गिऱ्हाइकाकडे वळले की बाईंनी पुन्हा दार उघडलेलं असे. आमचा केक दरवर्षी कडेने फुगलेला आणि मधोमध खड्डा पडलेला निघायचा. पुढे कितीतरी वर्षांनी मी ब्रह्मपुरीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला सपाट केक पाहिला तेव्हा मला वाटलं, हा बिघडला.

सहा डिसेंबरला मात्र बाई आम्हा बौद्ध मुलींचा दिवस म्हणून सकाळपासून गप्प असत. आठवीत असताना आम्ही सातजणी पांढरी ओढणी घेऊन मागच्या अंगणात फोटोसमोर उभ्या राहिलो. मेणबत्ती एकच होती, तीही अर्धी. बाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, आत गेल्या आणि नाताळच्या उपासनेसाठी आणलेला मोमबत्त्यांचा पुडा घेऊन आल्या. "चला, एक एक घ्या. अर्ध्या मोमबत्तीत सातजणी मावता का?" आम्ही पुडा संपवला. मग नाताळात देवळात मेणबत्त्या कमी पडल्या आणि पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "जळल्या ना साहेब. मोमबत्तीचं कामच ते आहे." त्यानंतर त्या दरवर्षी दोन पुडे आणू लागल्या.

आमच्या वसतिगृहाचा नाताळ नेहमी तीन दिवस आधी होई. तेवीसला सुटी लागे, सगळ्या मुली घरी जात. त्यामुळे तारा लावणं, गाणी, केक कापणं हे सगळं बावीसच्या दुपारी उरकलेलं असे. खऱ्या नाताळला त्या आवारात तारा आणि बाई एवढेच उरत. मी एकदा विचारलं, "बाई, तुम्हाले करमत नसन ना?"

त्या म्हणाल्या, "नाताळ म्हणजे तुम्हाले सुटी. मले परीक्षा."

त्याचा अर्थ मला पहिल्या वर्षी कळला नाही. दोन जानेवारीला परतायचं असे. त्या दिवशी बाई सकाळपासून बसस्टँडवर उभ्या. प्रत्येक काळी-पिवळी जीप थांबली की आत वाकून बघत आणि उतरणाऱ्या मुलीच्या डोक्यावर टपली मारून आकडा म्हणत, "सात. आठ. चल, हो बाजूले. नऊ." आठवीच्या त्या वर्षी आकडा एकोणीसवर थांबला. तिघी आल्याच नाहीत. धानाची मळणी सुरू असते, घरात हात कमी असतात, "दोन दिस राह्यली तं काय होते" म्हणून मुलीला ठेवून घेतात. दोनाचे आठ होतात. तोवर मळणी संपून लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. वाईट मनाने कोणी करत नाही. पण मुलगी परत येत नाही.

म्हणून बाईंनी एक नियम केला होता. सुटीला जाताना मुलीने एक पिशवी न्यायची, पेटी इथेच राहणार. एका जानेवारीत एक वडील पेटी मागायला आले.

"पोरीची पेटी द्या बाई."

"देतो ना. पोरीले आणा."

"ते येत नाई आता."

"मंग पेटीबी येत नाई."

"कपडे आहेत बाई त्यात!"

"म्हणूनच म्हणतो. दुसऱ्याच्या हाती पोरीचे कपडे मी कशी देऊ?"

बिचारा कडुनिंबाखाली दोन तास बसून होता. बाईंनी त्याला जेवू घातलं, पेटी दिली नाही. आठ दिवसांनी तो मुलीला घेऊन आला आणि ती मुलगी दहावी होईपर्यंत राहिली. पण सगळ्यांच्या घरी कपड्यांची एवढी चिंता नसते. काही पेट्या कोणी मागायलाच येत नसे.

तेव्हा घरभेटी सुरू झाल्या. डिसेंबरातल्या रविवारी दुपारी बाई एकेका मुलीला घेऊन तिच्या गावी जात. हातात करंज्यांचा डबा. घरी जाऊन त्या शाळेचं अक्षर काढत नसत. घरात जे काम चाललेलं असेल त्यात शिरत. खळ्यावर धान उडवणं चालू असेल तर सूप उचलत, कोठी सारवणं चालू असेल तर पदर खोचत. दोन तास काम करून, हात धुऊन निघताना तेवढं सांगत, "दोन तारखेले दुपारच्या गाडीनं पाठवा. मी स्टँडवर उभी राहीन." इतकं काम करून गेलेल्या बाईला बसस्टँडवर ताटकळत ठेवणं लोकांना जड जाई. ही युक्ती होती असं मला तेव्हा वाटे.

मी बारावीत होते त्या वर्षी आमच्या घरभेटीला बाई आणि मी गेलो. गावाच्या फाट्यावर उतरून दीड किलोमीटर चालावं लागतं, दोन्ही बाजूंना बांध्या आणि त्यांत लाखोळीची कोवळी रोपं. बाई पुढे, मी धापा टाकत मागे. घराजवळ आले तर समोरची भिंत नव्याने चुन्याने रंगवलेली. मला वाटलं, बाई येणार म्हणून. मोठेबाबा (माझ्या वडिलांचे थोरले भाऊ) ओट्यावर होते. मला बघून हसले आणि म्हणाले, "आली का? बरं झालं. पंचवीसले पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले. वरोऱ्याचे आहेत. मोठा दिवस आहे, हापिसाले सुटी, म्हणून तोच धरला."

मला घरात कोणी काही सांगितलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं, तिने बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी सूप कुठे आहे ते विचारलं.

मोठेबाबांना गप्प बसवेना. ते मळणीच्या खळ्यापर्यंत मागे आले. "बाई, एक इचारू? तुमी आमच्या पोरीले शिकवून राह्यल्या का बाटवून राह्यल्या? गावात लोक बोलतात."

बाईंचे हात थांबले नाहीत. "भाऊ, सहा डिसेंबरले माह्या येशूच्या मोमबत्त्या तुमच्या पोरीनं संपवल्या. पाच साल झाले, दरवर्षी संपवते. आता कोणं कोणाले बाटवलं, तुमीच सांगा."

बाबा हसले. ते सहसा हसत नाहीत. मोठेबाबाही हसू दाबत ओट्याकडे परत गेले. पण भिंतीचा चुना काही पुसला गेला नाही.

मग आई धान ओतत होती आणि बाई उडवत होत्या, तूस माझ्या अंगावर येत होतं, तेव्हा बाई आईला म्हणाल्या, "ताई, मीबी होस्टेलात होती. नववीत. नाताळाले घरी गेली तं माय म्हणे, दोन दिस जास्तीचे राह्य. ते दोन दिस अजून सरले नाई पाहा."

एवढंच. पुढे त्यांचं लग्न झालं, खाणीत काम करणारा नवरा लवकर गेला, हे मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. आईने पुढचं सूप भरलं. निघताना बाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "दोन तारखेले." बाबांनी मान हलवली, पण ती होकाराची की निरोपाची ते मला कळलं नाही.

त्यानंतरचे दहा दिवस मी कशी राहिले ते सांगता येत नाही. मी ताऱ्याला खळ लावायची ती कागदाच्या उलट्या बाजूला. गाणी म्हणताना दुसऱ्यांच्या ओळीत शिरायची. पुस्तक उघडलं की वरोरा दिसायचं, जे मी कधी पाहिलेलं नव्हतं. मुलगा वाईट असेल असं मला वाटत नव्हतं. मला फक्त त्या वर्षी भौतिकशास्त्र पहिल्यांदा समजायला लागलं होतं आणि ते अर्धं सोडायचं नव्हतं. मी वाट पाहत होते, बाई काही तरी म्हणतील. बाई दिवसातून चारदा माझ्या बाजूने गेल्या आणि चारही वेळा "चला, वाती कापा", "चला, ताटं मोजा" असं काही तरी म्हणून गेल्या. तेवीसला त्यांनी मला गाडीत बसवलं. मी रडणार हे ओळखून म्हणाल्या, "रडाचं नाई. रडणाऱ्याले कोणी इचारत नाई, फक्त पाणी देतात."

पंचवीसला दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, एक आत्या. शेजारून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. मी आईची मोरपंखी साडी नेसून पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले, तोच अंगणातून आवाज, "चला, कोण कोण आहे घरी?"

चलाबाई. नाताळची नवी पांढरी साडी, पायांवर रस्त्याची धूळ, हातात केकचा डबा. वर्षातला त्यांचा सगळ्यात मोठा सण, आणि सकाळची उपासना आटोपून, देवळाचं जेवण सोडून, दोन गाड्या बदलून त्या आमच्या दारात उभ्या होत्या.

"ह्या कोण?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मोठेबाबा घाईने म्हणाले, "होस्टेलच्या बाई आहेत. फराळ घेऊन आल्या. निघतीनच आता."

"निघतोच ना," बाई म्हणाल्या. "साडेचारची गाडी आहे." त्यांनी डबा उघडला, मधोमध बसलेला केक सगळ्यांना दिला. आत्याबाईंनी खड्ड्याकडे पाहिलं आणि सौजन्याने कडेचा तुकडा घेतला.

मुलाचे वडील सज्जन होते. काही तरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "पोरगी शिकण्यात कशी आहे बाई?"

"हुशार आहे. गणितात घाई करते, माह्यासारखी. बारावी झाली का कालेजात जाचं आहे तिले. मले सांगतलं तिनं." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तुमी तिले इचारलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. मुलाने मान खाली घातली. त्याचे वडील क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काय पोरी, तुले शिकाचं आहे?"

माझ्या हातात ताट होतं. मोठेबाबा माझ्याकडे बघत होते, बाबा जमिनीकडे. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्यासाठी उत्तर द्यावं असं मला जिवापाड वाटत होतं, आणि त्यांना उत्तर देता आलं असतं. पण त्या बोलल्या नाहीत. ओट्याच्या खांबाला हात लावून, एक पायसुद्धा न हलवता थांबल्या. त्या माणसाला कोणत्याही गोष्टीसाठी एवढं थांबलेलं मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. ते मलाच नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं, "हो. शिकाचं आहे."

आणि मागून, चुलीजवळून, आईचा आवाज आला. ती पाहुण्यांसमोर कधी बोलत नसे. "दोन तारखेले जाईन ते. मी सोता नेऊन देतो."

मुलाचे वडील उठले. "मंग आमचं काम नाई बापा आज इथी," ते म्हणाले. ते चिडले नव्हते, पण त्यांचा एक दिवस वाया गेला होता. आत्याबाईंनी मात्र जाताना आईला ऐकवलं, "आधी सांगतलं असतं तं बरं झालं असतं." त्यांचं खरंच होतं.

मोठेबाबा पुढे वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. बाबा सायकल हातात धरून बाईंना फाट्यापर्यंत पोचवायला निघाले, त्या रस्त्यावर एकट्याने जाण्यासारखे दिवस नव्हते. मीही मागे गेले. अर्ध्या वाटेवर बाबा म्हणाले, "बाई, चार लोकांत मले खाली पाहा लागलं."

मला वाटलं बाई त्यांची समजूत घालतील. बाई म्हणाल्या, "हो भाऊ. लागलं. त्याचं मी काई करू शकत नाई."

बाबांनी यावर पुष्कळ विचार केला असावा, कारण गाडी आली तेव्हा ते म्हणाले, "स्टँडवर उभ्या राहू नका. आमी पोचतो." बाई तरीही उभ्या राहिल्या. दोन जानेवारीला आई आणि मी उतरताच माझ्या डोक्यावर टपली बसली, "अकरा," आणि आईच्या डोक्यावरही एक बसता बसता राहिली.

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आज वरोऱ्यातच एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि हे गाव मला आता भीतिदायक वाटत नाही. निकालाचे पेढे घेऊन गेले तेव्हा वसतिगृह बंद होण्याच्या बेतात होतं. बाई घुग्घुसला भावाकडे जायच्या तयारीत होत्या. त्यांनी पेढा उभ्यानेच खाल्ला आणि विचारलं, "आता काय करशीन?" मी म्हटलं, "बी.एड." "मंग इथी काऊन उभी आहे? फारम भराची तारीख पाह्यली का?" आमचा निरोप एवढाच झाला. मी नमस्काराला वाकले तोवर त्या दाराबाहेर माझ्यासाठी ऑटो थांबवत होत्या.

त्या गेल्याचं मला फोनवर कळलं. डिसेंबरच होता, नाताळ दहा-बारा दिवसांवर आलेला. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन घुग्घुसला पोचले. कोळशाचे ट्रक एकामागे एक चाललेले, झाडांच्या पानांवर काळी धूळ, आणि गावाबाहेर ती लहानशी दफनभूमी. माती देऊन झाली होती. भावाच्या घरची माणसं मोजकीच होती, पण बायका पुष्कळ होत्या. वेगवेगळ्या वयांच्या, वेगवेगळ्या गावांच्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. कोणी नर्सच्या गणवेशात, कोणी कडेवर मूल घेऊन. माझ्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. हातांना विळ्याचे घट्टे, पायात रबरी चप्पल. चांगल्या लांबून आल्यासारख्या दिसत होत्या.

"तुमीबी होस्टेलच्या का?" त्यांनी विचारलं.

"हो. आठवी ते बारावी. आणि तुम्ही?"

"दोनच सालं होती मी. नववीच्या नाताळाले घरी गेली, मंग परत आलीच नाई."

मी नुसतं "हो का," म्हटलं.

"तरी बाई माह्या घरी याच्या," त्या म्हणाल्या. "दरसाल. माहं लग्न झालं तं सासरी याच्या. पहिल्या वर्षी मी दारच लावून घेतलं, लाजेनं. म्हटलं, आता कायले आल्या? त्या बाहेर माह्या सासूसंगं धान पाखडत राह्यल्या अन् गेल्या. दुसऱ्या वर्षी मी दार उघडलं."

"काय म्हणायच्या?"

"काईच नाई. शाळेचं तं नाईच नाई. काम कराच्या, करंज्या ठेवाच्या, जाच्या. पोरगी झाली मले, तं बारशाच्या दिवशी बोटं मोजून सांगतलं, हे अमक्या साली आठवीत जाते म्हणून." त्या थोडं हसल्या. "गेली ना यंदा. गडचिरोलीले ठेवली, होस्टेलात."

मी आजवर समजत होते की बाईंच्या त्या फेऱ्या आम्हाला परत आणण्यासाठी होत्या. जी परत येणार नाही हे कायमचं ठरलं होतं, तिच्या दारातही त्या दरवर्षी जात राहिल्या होत्या, हे मला त्या दिवशी, त्यांना माती दिल्यावर कळलं.

शेजारच्या त्या बाईंनी पदर सावरला. "निघते मी. तेवीसले पोरीले घ्याले जाचं आहे. घरचे म्हणतात, मळणी होवोस्तोर राहू दे तिले." त्या जरा थांबल्या. "पाहू आता."

त्या चार पावलं गेल्या असतील. मी मागून धावत जाऊन त्यांना गाठलं आणि विचारलं, "तुमचं गाव कोणतं? अन् तिथी गाडी कुठून भेटते?"